‘आय-२९’ की ‘इ-२९’? आणि ‘जलसमाधी’विषयी थोडेसे

नेताजी सुभाषचंद्र बोस २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडी ‘यू-१८०’मधून रबरी होडीने ज्या जपानी पाणबुडीवर गेले, तिचे नाव मराठीत बहुधा ‘आय-२९’ असे छापले जाते. माझ्या मते ते ‘इ-२९’ असे लिहावे. जपानी वर्णांचा ‘इ, रो, हा’ असा एक जुना क्रम आहे आणि जपानी नौदलाने त्याच क्रमाने पाणबुड्यांचे वर्ग पाडले होते: १,००० टनांवरच्या मोठ्या त्या ‘इ’, मध्यम त्या ‘रो’ आणि लहान त्या ‘हा’. म्हणजे हे रोमन आद्याक्षर नसून जपानी वर्ण आहे; रोमन लिपीतून नाव उचलताना आपण त्या लिपीतल्या ‘I’ या अक्षराचे इंग्रजी नाव ‘आय’ वाचतो, इतकेच. ‘रो’ वर्गाला कोणी ‘आर-ओ’ म्हणत नाही. ‘यू-१८०’चे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण तेथील ‘यू’ हे जर्मन शब्दाचे खरोखरच आद्याक्षर आहे.

याच पाणबुडीच्या संदर्भात ‘जलसमाधी’ हा शब्द मला अधिक खटकतो. मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज तिने २३ नोव्हेंबर १९४२ रोजी पाणतीर (टॉर्पेडो) मारून बुडवले. जहाजावर बहुसंख्य भारतीय होते आणि २८० माणसे मृत्युमुखी पडली. समाधी स्वेच्छेने घेतली जाते. ज्ञानेश्वरांच्या संदर्भात आपण तो शब्द आदराने वापरतो. ‘तिलावाला जलसमाधी मिळाली’ असे लिहिले, की मारणारा वाक्यातून नाहीसा होतो आणि मेलेल्यांवरचा अन्याय सौम्य भासतो. तेथे ‘बुडवले’ हेच क्रियापद हवे, आणि नेताजींना सुखरूप नेणारी पाणबुडी म्हणून तिच्याविषयी वाटणाऱ्या आपुलकीने ते बदलू नये.

पाणबुडीच्या बाबतीत मात्र ‘बुडाली’ हेही संदिग्ध ठरते, कारण पाण्याखाली जाणे हे तिचे नित्याचे काम आहे. त्यासाठी ‘बुडी घेतली’ म्हणावे. फ्रान्समधील लोरियाँ बंदरातून जर्मन जेट व रॉकेट विमानांविषयीचे साहित्य घेऊन सिंगापूरमार्गे जपानकडे परतणारी ‘इ-२९’ लुझॉनच्या उत्तरेस २६ जुलै १९४४ रोजी अमेरिकन पाणबुडी ‘सॉफिश’च्या पाणतीरांनी नष्ट झाली, तेथे मी ‘बुडवली गेली’ असेच लिहीन.