पवनचक्कीची वीज दाबलेल्या हवेत साठवणं जमेल का?

पठारकर: १ किलोवॉटची पवनचक्की आहे. वारा रात्री जोरात, तेव्हा वापर नाही. बॅटऱ्या सारख्या बदलाव्या लागतात. त्याऐवजी ५०० लिटरच्या टाकीत ८ बार दाबाने (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) हवा भरायची आणि एअर मोटरला (दाबलेल्या हवेच्या जोरावर फिरणारी मोटर) डायनॅमो जोडून दिवे-पंखा चालवायचा, तर किती वीज मिळेल?

कंप्रेसर_मिस्त्री: तोटा शून्य धरला तरी त्या टाकीत ०.१६ युनिटच मावतं. छोटी एअर मोटर आणि डायनॅमो मिळून त्याचा पाचवा हिस्सा हाती आला तरी पुष्कळ, म्हणजे ३० वॉट-तास. पंखा अर्धा तास चालेल. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरली तरी ०.९ युनिट देते.

वीज जाते ती उष्णतेत. हवा दाबली की तापते, टाकीत निवते, आणि ती ऊब वाया जाते. मोटरीत फुलताना हीच हवा इतकी गार होते की ओलसर हवेत सायलेन्सरच्या जाळीवर बर्फ धरतो आणि मोटर अडते. शिवाय गळती: १ मिमीच्या छिद्रातून सेकंदाला लिटरभर हवा जाते. सकाळपर्यंत टाकी रिकामी.

गुहावाला: मोठ्या प्रमाणावर हे चालतं, पण त्याला जागा तशी लागते. जर्मनीतलं हुंटॉर्फ केंद्र १९७८ पासून सुरू आहे. मिठाच्या थरात पाण्याने विरघळवून कोरलेल्या दोन गुहा, मिळून ३ लाख घनमीटरच्या वर, दाब ४३ ते ७० बार. तरीही हवा फुलवताना नैसर्गिक वायू जाळावाच लागतो आणि एकूण कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत अलाबामातल्या मॅकिंटॉशच्या अशाच केंद्रात (१९९१) धुराड्यातली उष्णता परत वापरून कार्यक्षमता ५४ टक्क्यांवर नेली. आपल्या सह्याद्रीत मीठ नाही, भेगाळ बेसॉल्ट (काळा कातळ) आहे, त्यात हवा टिकणार नाही. उलट उंची भरपूर, म्हणून इथे घाटघरसारखा पाणी वर चढवून साठवणारा प्रकल्प उभा राहिला.

पठारकर: भंगारातली टाकी स्वस्तात मिळतेय. निदान प्रयोग करून बघू?

कंप्रेसर_मिस्त्री: नको, कळकळीने सांगतो. आतून गंजलेली टाकी बाहेरून धड दिसते आणि फुटली की पत्रा गोळीसारखा उडतो. कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने, तेही पाणी भरून, चाचणी झाल्याशिवाय कुठल्याच टाकीत हवा भरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि टाकीत साचलेलं पाणी काढायला तळाचा ड्रेन कॉक (छोटी तोटी) रोज उघडायचा.

शेतीला पाणी लागत असेल तर रात्रीच्या वाऱ्यावर पंप लावा. १०,००० लिटर पाणी २० मीटर चढवलं की ०.५४ युनिटचं काम साठलं. ते परत विजेत आणायची गरजच नाही, नळ उघडला की पाणी शेतात.