इंजिनिअरिंगच्या आधीची सुट्टी: कोडिंगचा क्लास की गणित?

एमवन_मास्तर
कालपासून एक पोस्ट फिरते आहे: ‘इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी संपली की लगेच सी आणि पायथनचा क्लास लावा, नाहीतर मूल पहिल्याच सेमिस्टरला मागे पडेल.’ खाली पालकांची रांग, ‘फी किती? पत्ता पाठवा.’ वाचून राहवलं नाही.

एफईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी गणित शिकवतो. पहिल्या सेमिस्टरला मुलं अडकतात ती एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं मूल काय शिकतं? पर्याय घालून बघायचे आणि पुढे पळायचं. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचं एम-वन उघडून बघा: रोल आणि लॅग्रांजची प्रमेयं, टेलर, फुरिअर सिरीज, पार्शल डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स. सगळं पायरीपायरीने लिहायचं. हुशार मुलांचाही हात दुसऱ्या ओळीला थांबतो. त्यात सीईटीला अकरावीचा भाग २० टक्केच, म्हणून अकरावी अनेकांनी वाऱ्यावर सोडलेली असते.

कोडिंग कॉलेज शून्यापासून शिकवतं. त्याच पॅटर्नमध्ये पायथन पहिल्या वर्षालाच होतं. सुट्टीत काही करायचंच तर अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस वहीत, पायऱ्यांसकट सोडवा. त्याला फी लागत नाही.

चिंचवडची_आई
सर, शून्यापासून शिकवतात हे कागदावर. माझ्या लेकीने तालुक्याला बारावी केली, घरी कॉम्प्युटर नव्हता. पहिल्या प्रॅक्टिकलला शेजारचा मुलगा प्रोग्रॅम चालवून मोकळा, ही अजून कीबोर्डवर सेमीकोलन शोधतेय. मॅडम म्हणाल्या, ‘हे तर सगळ्यांना येतंच.’ रात्री हॉस्टेलवरून फोन आला तो रडतच. धाकट्याला मी क्लास लावणार म्हणजे लावणार. आणि प्लेसमेंटला कुणी एम-वनचे मार्क विचारत नाही.

एमवन_मास्तर
मार्क नाही विचारत, बॅकलॉग विचारतात. विषय राहिलेला असेल तर बऱ्याच कंपन्या बसूच देत नाहीत. आमच्याकडे मुलांचे सगळ्यात जास्त राहतात ते याच विषयात.

मेकॅनिकलवाला
दोघांनी ग्राफिक्सचं, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं नाव काढलं नाही! फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये टॉप व्ह्यू खाली का येतो, हे मुलांना दिसतच नाही. त्यांनी दोन वर्षांत हाताने काही केलेलंच नसतं. मूळ रोग इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लासची जोडगोळी आहे. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. फिजिक्सला प्रॅक्टिकलचे ३० मार्क, पण मापं घ्यायचा व्हर्निअर हातात धरलेला नाही. जर्नल मात्र पूर्ण! सुट्टीत काय लावायचं ही चर्चाच उशिराची आहे.

नाशिक_पालक
इंटिग्रेटेडला शिव्या देणं सोपं आहे. आम्ही दोघं नोकरी करतो. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, मध्ये सिटी बस. मुलाला जेवायला तरी वेळ कधी मिळणार? आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचे शिक्षक अर्ध्या वर्षात सोडून गेले, जागा भरली नाही. मग आम्ही काय करायचं होतं?

मेकॅनिकलवाला
जागा भरा म्हणून संस्थेच्या दारात जायचं होतं. सगळ्यांनी क्लासची वाट धरली म्हणून तर वर्ग ओस पडले. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. काय फरक पडला?

नाशिक_पालक
अहो, दारात गेलो होतो! मला शिकवू नका. ‘पुढच्या आठवड्यात येतील’ हे ऐकत दिवाळी आली. माझ्या मुलाचं बारावीचं वर्ष तुमच्या तत्त्वासाठी पणाला लावू?

मेकॅनिकलवाला
तत्त्व नाही, मी रोज बघतो ते सांगतोय. माझ्यासमोरच्या मुलाला स्क्रू गेज वाचता येत नाही आणि त्याला प्रॅक्टिकलमध्ये ३० पैकी २९ आहेत. हे मार्क कुणी दिले?

चिंचवडची_आई
दादा, विषय सुट्टीतल्या कोर्सचा होता. तुम्ही दोघं वेगळा धागा काढा की.

हिंगोलीकर
आमचा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या चार फेऱ्या झाल्या, मुलाचं नाव शेवटच्या फेरीत लागलं. तो पोचला तेव्हा एम-वनचं पहिलं युनिट संपलं होतं. सुट्टीत बारावीचं डेरिव्हेटिव्ह पुन्हा केलेलं, म्हणून नोट्सवरून युनिट उचलता आलं. कोडिंगचं मात्र ताईंचं खरं आहे. लॅपटॉप उशिरा घेतला, त्याचा त्रास झाला.

एमवन_मास्तर
ज्या मुलाने कॉम्प्युटरला हातच लावला नाही, त्याने टायपिंग आणि थोडं पायथन करावं, एवढं मान्य. पण त्यासाठी महागडा क्लास कशाला? आयआयटीवाल्यांची एनपीटीईएलवरची ऑनलाइन लेक्चर्स फुकट आहेत, पैसे पडतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर. सकाळी गणिताची वही, संध्याकाळी तासभर कोडिंग. उलटं नको.

चिंचवडची_आई
फुकट व्हिडिओ लावून मुलं रील बघतात सर, तुम्ही घरी येऊन बघा. समोर माणूस उभा असेल तरच आमचा बसतो. क्लास लावणारच. वहीचं बघते. अकरावीचे कुठले धडे, तेवढं लिहून द्या.

एमवन_मास्तर
आधी त्रिकोणमितीची सूत्रं, मग लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन, शेवटी डिटर्मिनंट आणि मॅट्रिक्स. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः सोडवू द्या. पर्यायांचं पुस्तक कपाटात ठेवा.

नाशिक_पालक
आणि केमिस्ट्रीच्या शिक्षकाची जागा अजून रिकामीच आहे. मेकॅनिकलवाले, कुणाच्या दारात जाऊ ते तरी सांगा.