सध्या काय वाचताय? आणि कागदाचं पुस्तक की किंडल (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र)?

खानापूरकर: मी जीएंच्या (जी. ए. कुलकर्णी) कथा परत काढल्यात, एकसंब्याचा माणूस म्हणजे आपल्या चिकोडी भागातलाच, पण घरातल्या प्रतीचं बाइंडिंग सुटलंय आणि अक्षर एवढं बारीक की रात्री डोळ्यातनं पाणी येतंय. किंडल घ्यावं काय? मराठी नीट दिसतंय का त्यावर?

टिळकवाडी: दिसतंय की ओ. अक्षर पायजे तेवढं मोठं करा. ई-इंकचा, म्हणजे कागदावरच्या शाईसारखा दिसणारा पडदा मोबाइलसारखा डोळ्यावर येत नाही आणि बॅटरी मुख्य म्हणजे पान बदलतानाच खर्च होते, त्यामुळं चार्जिंगचं टेन्शन नाही. फक्त स्कॅन केलेल्या पीडीएफच्या नादाला लागू नका, तो नुसता पानाचा फोटो, मोठा केला की ओळ पडद्याबाहेर, मग बसा सरकवत.

निपाणीकर: लाईट गेली तरी वाचता येतंय म्हणून आता आई पण किंडलच मागती. पण जुनी मराठी पुस्तकं सगळी त्यावर कुठं मिळतात?

शहापूरवाला: त्याला वाचनालयच. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासनं आहे, आधी तिथं बघा. आणि किंडलवरचं पुस्तक मित्राला द्यायचं म्हटलं की पंचाईत. (कागदाचं दिलं तर परत येत नाही, ते वेगळं!)