उत्तर: सीमेवर नाही, मग शहीद कसे?

वरती एकांनी लिहिलंय की सीमेवर न लढता अपघातात गेलेल्या सैनिकांना शहीद म्हणणं म्हणजे शब्द स्वस्त करणं. सरकारी कागदात तर लढाईत गेलेल्यालाही 'शहीद' म्हणत नाहीत बाप्पा! तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' (ढोबळमानाने लढाईतली हानी) आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर कारणांनी झालेली) असे दोन खाने आहेत, आणि घरच्यांना मिळणारी रक्कमही त्यावरच ठरते. तेव्हा भांडायचंच तर त्यावर भांडा.

दुसरं, ८ डिसेंबर २०२१ च्या कुन्नूरच्या हेलिकॉप्टर अपघातावर इथे एवढे प्रतिसाद आले, पण सगळे तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख जनरल रावत यांच्यावरच. त्या एमआय-१७ हेलिकॉप्टरमध्ये १४ जण होते. शेजारचे काका नागपूरच्या वायुसेनानगरातून, म्हणजे हवाई दलातून, तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. त्या संध्याकाळी ते चहाचा कप हातात घेऊन टीव्हीसमोर उभेच होते, चहावर साय धरली तरी. खालच्या पट्टीत नावं येऊ लागली तसं म्हणाले, "ज्युनियर वॉरंट ऑफिसर बघ, दोघं आहेत. आमच्यातले." (वायुसैनिकांतून बढतीने मिळणारं पद आहे ते.) पुढे चौकशीत यांत्रिक बिघाड नव्हता, अचानक ढगात शिरल्याने वैमानिकाचा दिशाभ्रम झाला, असं निघालं. मी ते सांगायला गेलो तर काका नुसतं "हं" म्हणाले. ८ डिसेंबरला ते अजूनही त्या दोघांसाठी दिवा लावतात.