वडिलांच्या नावावरचा फ्लॅट विकायचाय, गिऱ्हाईक तयार आहे, टोकन घेऊ का?

कर्वेनगरचा_पोरगा

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

पुण्यात कर्वेनगरला आमचा टू बीएचके आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग १९९४ ची. बाबांनी २००३ ला रिसेलमध्ये घेतला होता साडेआठ लाखाला. बाबा मागच्या वर्षी गेले. आईचे गुडघे पार गेलेत, भाजी आणायला खाली उतरली की वर यायला पंधरा मिनिटं लागतात, प्रत्येक लँडिंगला पिशवी खाली ठेवून कठडा धरून उभी राहते. मी नाशिकला असतो. हा विकून त्याच पैशात इथे माझ्याजवळ तिच्यासाठी तळमजल्याचं नाहीतर लिफ्टवालं छोटं घर घ्यायचं असं ठरलंय. बहीण मेलबर्नला असते, तिला विचारलं तर म्हणाली तुम्ही बघा काय ते.

एजंटने गिऱ्हाईक आणलंय, ७२ लाख म्हणतोय, त्यातले १० कॅश. परवा एक लाख टोकन घेऊन येतो, साध्या कागदावर पावती करू म्हणे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासद असल्याचा कागद) अजून बाबांच्याच नावावर आहे, नॉमिनी आई. एजंट म्हणतो नॉमिनी आहे ना मग मावशींची एक सही बास, बाकी मी बघतो. मला हे जरा जास्तच सोपं वाटतंय. टोकन घेऊ का थांबू?

जुना_सेक्रेटरी

थांबा. अकरा वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद केलंय, "बाकी मी बघतो" म्हणणारे लई बघितले.

आईंना नॉमिनी म्हणून सोसायटी फार तर प्रोव्हिजनल मेंबर करून घेईल. म्हणजे मेंटेनन्सची पावती त्यांच्या नावाने फाडायची आणि नोटिसा त्यांना पाठवायच्या. फ्लॅटची मालकी त्याने येत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण तिघांचा सारखा हिस्सा, एक तृतीयांश. आजी (वडिलांची आई) हयात असेल तर तीही वारस, मग चार हिस्से, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येतच नाही. एकट्या आईंच्या सहीने खरेदीखत केलंत तर उद्या बहीण, किंवा तिची मुलं, हिस्सा मागू शकतात. आणि तिथपर्यंत जायचीही वेळ येणार नाही, घेणाऱ्याने कर्ज काढलं की बँकेचा वकील पहिल्याच भेटीत फाइल परत करतो. तोवर तुम्ही त्याचं लाखभर टोकन घेतलेलं असतं आणि तो म्हणतो डबल परत द्या.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तिघांनीही विकणारे म्हणून सह्या करायच्या. नाहीतर आधी बहिणीने आईच्या नावे हक्कसोड पत्र करायचं, रजिस्टर केलेलं, साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं चालत नाही. तुम्हीही तुमचा हिस्सा सोडलात तर आई एकट्या मालक होतात आणि पुढचं सगळं सुटसुटीत. बहिणीला यायला जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) तिकडून करून पाठवावं लागेल, भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा शिक्का) करून, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्याचं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. हे तीन महिने लोक विसरतात, कागद कपाटात पडून राहतो.

आता फाइल काढा. २००३ चा वडिलांचा करारनामा, त्याची रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), आणि त्याच्या आधीचा १९९४ चा बिल्डर आणि पहिल्या मालकातला करारनामा, तोही ओरिजिनल. सगळे हाच विसरतात. वडिलांनी कर्ज काढलं असेल तर ते फिटल्यावर बँकेने ओरिजिनल कागद परत दिले होते का ते बघा.

फुकटचा_सल्ला

एजंटला विचारा "मावशींची एक सही बास" हे लेटरहेडवर लिहून देतोस का. तेवढ्यात कळेल.

सीए_नाहीये_मी

वर हक्कसोड सांगितलंय ते बरोबरच आहे, पण बहीण परदेशात आहे म्हणून एक मोठा खड्डा आहे आणि एजंट लोक तो सांगत नाहीत.

व्यवहार ५० लाख किंवा वर असला की घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा असतो, ७२ लाखावर ७२ हजार, विकणारे तीन असले तर तिघांच्या पॅनवर वेगवेगळा. हे झालं भारतात राहणाऱ्यांचं. विकणारी एनआरआय असली की तिच्या हिश्श्यावर १ टक्का चालत नाही, कितीतरी जास्त कापावा लागतो, आणि लोअर डिडक्शन सर्टिफिकेट (टीडीएस कमी कापा असा इन्कम टॅक्सचा दाखला) आधी आणलं नसेल तर घेणारे लोक नुसत्या नफ्यावर न कापता तिच्या पूर्ण रकमेवर कापून मोकळे होतात. २४ लाखावर तीन लाखाच्या वर गेले समजा. परत मिळतात, रिटर्न भरून, पण अडकतात ना. शिवाय घेणारा नोकरदार माणूस असतो, त्याला हे माहीत नसतं, तो १ टक्का कापतो आणि दोन वर्षांनी त्यालाच नोटीस येते.

बहिणीने आईच्या नावे खरंच, मनापासून, मोबदला न घेता हक्क सोडला तर हा प्रश्न उरत नाही. पण "खरंच" महत्त्वाचं. हक्कसोड करून घ्यायचं आणि नंतर मागच्या दाराने तिला २४ लाख पाठवायचे हे करू नका.

आता ते १० लाख कॅश. अजिबात नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, १० घेतले तर १० लाख दंड, आणि तो कॅश घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. तुमच्या केसमध्ये तर ते वेडेपणाच आहे कारण तुम्हाला दुसरं घर घ्यायचंच आहे. ते १० लाख नाशिकच्या बिल्डरला कुठून दाखवणार?

टॅक्सचं ढोबळ गणित. वारशाने आलेल्या घराला वडिलांची खरेदीची किंमत आणि वडिलांची तारीख धरतात. ७२ वजा साडेआठ, नफा साडेत्रेसष्ट लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी साधारण आठ लाख टॅक्स. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असलं तर भारतात राहणाऱ्याला जुन्या पद्धतीनेही भरता येतो, इंडेक्सेशन लावून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्के, ते तुमच्या आकड्यांना साडेआठ लाखाच्या आसपास जातंय, म्हणजे इथे नवीनच स्वस्त. २००३ चं मुद्रांक शुल्क, नंतर केलेलं मोठं काम, आत्ताचं ब्रोकरेज यांच्या पावत्या असतील तर नफा अजून कमी होतो.

पण नफ्याएवढ्या रकमेचं दुसरं राहतं घर घेतलं तर हा टॅक्स लागतच नाही. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षं एवढी मुदत, बांधून घेणार असाल तर तीन. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घर मिळालं नाही तर पैसे बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायचे, साध्या एफडीत नाही. आणि नाशिकचं घर ज्याने विकलं त्याच्याच नावावर घ्या. पुण्याचा फ्लॅट आईने विकला आणि नाशिकला तुमच्या एकट्याच्या नावाने घेतला की भांडण सुरू. पहिलं नाव आईचं ठेवा.

(नाव वाचलंत ना माझं. सह्या करायच्या आधी खऱ्या सीएला दाखवा.)

वारजेवाली

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण आम्ही तीन वर्षांपूर्वी अशाच जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलाय. आम्हाला वारसांचे कागद नीट मिळाले, टायटल सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी) झाला, वकिलाने पेपरात जाहीर नोटीस दिली, सगळं व्यवस्थित. फसलो ते पार्किंगमध्ये. जाहिरातीत "कव्हर्ड पार्किंग", बघायला गेलो तेव्हा खांबाजवळ त्या माणसाची गाडी उभी, आम्ही म्हटलं चला. राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी खालचे काका म्हणाले ताई इथे नका लावू, ही जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून मिळते. सोसायटीचं अलॉटमेंट लेटर मागायला हवं होतं, मागितलंच नाही. तुम्ही विकताय तर जे कागदावर नाही ते जाहिरातीत घालू नका आणि नाशिकला घेताना हे विचारा.

अजून एक म्हणजे टेप घेऊन जा. आम्हाला ७५० स्क्वेअर फूट सांगितलेला, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजला तर ५८५ भरला. खोटं नव्हतं, ७५० सुपर बिल्टअप होतं, म्हणजे भिंती, जिना, लॉबी सगळं धरून. पण रेट आम्ही ७५० वर देत होतो आणि शेजारच्या बिल्डिंगचा रेट कार्पेटवर (नुसत्या आतल्या जागेवर) होता, मग तुलना कसली करायची! आणि नवीन घर बघायला सकाळी साडेसहाला जा, पाणी केव्हा येतं आणि टँकर येतो का हे तेव्हाच कळतं. संध्याकाळी सगळी घरं छान दिसतात. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्या भिंतीला हात लावून बघा.

आईंसाठी घेताय तर अजून एक, त्यांच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात महिलांना १ टक्का सवलत आहे. तुमचं नाव जोडलंत की गेली.

कर्वेनगरचा_पोरगा

बाप रे. सगळ्यांचे आभार, टोकन घेतलं नाही. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं पूर्ण चेक नाहीतर नको, तो म्हणाला मग ६६. एजंटचा आवाज एकदम बदलला.

फाइल काढली. बाबांची निळी रेक्झिनची फाइल आहे, त्यात २००३ पासूनची प्रत्येक लाइट बिलाची आणि मेंटेनन्सची पावती तारखेने लावलेली, मागे त्यांच्या अक्षरात "भरले". पण १९९४ चा करारनामा फक्त झेरॉक्स आहे, ओरिजिनल नाही. आता? आणि सोसायटीचा चेअरमन म्हणतो ट्रान्सफर फी दीड लाख.

जुना_सेक्रेटरी

दीड लाख कशाचे? महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, २००१ चा सरकारी आदेश आहे. वर प्रवेश फी शंभर आणि ट्रान्सफर फी पाचशे. "स्वेच्छा देणगी" म्हणून मागतील, स्वेच्छा नसेल तर देऊ नका. पण भांडू नका हो, आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) हातात घेऊन जा, शांतपणे विचारा सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा. आणि आईच्या नावावर होताना, म्हणजे वारसाला ट्रान्सफर होताना, प्रीमियम लागतच नाही.

उपविधीप्रमाणे विकायला सोसायटीची एनओसीही लागत नाही, पण घेणाऱ्याची बँक मागतेच, तेव्हा संबंध गोड ठेवा.

करारनाम्याचं म्हणाल तर आधी वडिलांच्या कर्जाच्या बँकेत विचारा, अर्ध्या केसेसमध्ये तिथेच असतो. नसेल तर पोलिसात हरवल्याची नोंद, पेपरात नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल. नक्कलेवर काम चालतं, महिना दीड महिना जातो. झेरॉक्सवर दस्त क्रमांक दिसतोय का? दिसत असेल तर निम्मं काम झालं.

एक राहिलंच, तुमची सोसायटी आहे का अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही आहेत. शेअर सर्टिफिकेट म्हणताय म्हणजे सोसायटी. मग कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का विचारा. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर रिडेव्हलपमेंटच्या आशेने येणारं गिऱ्हाईक भाव पाडतं. झालं असेल तर ते ठळक सांगा, १९९४ ची लिफ्ट नसलेली बिल्डिंग लोक त्यासाठीच घेतात.

फुकटचा_सल्ला

६६ वाल्याला पंधरा दिवस फोन करू नका. तोच करेल.

कर्वेनगरचा_पोरगा

अपडेट. करारनामा बँकेतच निघाला! कर्ज २०११ ला फिटलं, बाबा बाकीचे कागद घेऊन आले आणि हा एक राहिला, इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही. कन्व्हेयन्स २०१६ ला डीम्ड (बिल्डरच्या सहीशिवाय, सरकारी आदेशाने) झालंय, हे मला आत्ता कळतंय.

बहिणीशी व्हिडिओ कॉल केला, आईला शेजारी बसवून. हक्कसोड म्हणजे नेमकं काय, तिच्या हिश्श्याचे २४ लाख होतात हे सगळं आकड्यांत सांगितलं, कारण नुसतं "तुम्ही बघा" वर मला ते करवेना. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली आईच्या नावावर सोडते, दादाच्या नाही. मला हसूच आलं. बरोबर आहे तिचं. मीही माझा हिस्सा आईच्याच नावे सोडतोय. ती डिसेंबरमध्ये येतेय तेव्हाच सही करेल, कुलमुखत्यारपत्राची भानगडच नको.

६६ वाल्याने अकराव्या दिवशी फोन केला, ७० पूर्ण चेक म्हणतोय, आम्ही जानेवारीच्या आत काही लिहून देत नाही असं सांगितलंय. नाशिकला रविवारी दोन घरं बघायची आहेत, सकाळी साडेसहाला येतो म्हटल्यावर तिथला एजंट म्हणाला साहेब एवढ्या पहाटे काय दिसणार.

वारजेवाली

टेप विसरू नका.