ट्रक, काजू आणि लावणीची रजा

शेतीवरच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय, 'बाहेर कामाला जातो तो खरा शेतकरी नव्हे.' मला हे अजिबात पटत नाही. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात नुसत्या भातावर वर्ष काढणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

बाबांनी शेत सांभाळून, कर्ज काढून खाणीतलं खनिज वाहायला ट्रक घेतला होता. शेजारच्या डिचोलीतही गावोगाव हेच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने परत बंद. ट्रक अंगणात उभा, टायरांभोवती गवत, आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच! जोडधंदा एकाच गोष्टीवर टांगला की असं होतं.

त्या दिवसांत घर तगलं ते काजूवर. आई उजाडताच डोंगरावर बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला जायची. हाताने पिरगाळून बी वेगळी करायची. चिकाने तिची बोटं काळी पडायची, ती पावसाळ्यापर्यंत तशीच. बिया व्यापाऱ्याला, बोंडू दारूच्या भट्टीवाल्याला. रस आंबवून भट्टीत पहिल्यांदा उकळला की हुर्राक ही हलकी दारू, पुढच्या उकळीला कडक फेणी. खरा पैसा तिथे, पण भट्टीला परवाना लागतो, माणसं लागतात. आम्हाला ते जमलं नाही.

आता भाऊ कारखान्यात पाळीवर जातो. लावणीला चार दिवस रजा मागतो. गेल्या वर्षी मिळाली नाही, ओहोळाकडचा तुकडा पडीक राहिला. आई अजून त्या बाजूला जात नाही.