मदत हवी आहे : साडेबारा फुटांचा बोळ, चार माणसं आणि आईचे गुडघे. कुठली गाडी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

बेळगावात शहापूरला राहतो, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. घरात चौघं : आई, मी, बायको आणि पाचवीतली लेक. आजवर स्कूटरवर भागलं. बाबांची मारुती ८०० होती, पण ते गेल्यावर ती दोन वर्षं नुसती उभीच होती. खालनं गंज धरायला लागली तशी विकून टाकली. आता आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. रिक्षाच्या दांडीला धरून ती चढते तेव्हा तिच्याकडं बघवत नाही. गाडी घ्यायची हे पक्कं आहे. कुठली, तिथं घोडं अडलंय.

बजेट ऑन रोड आठ, फार तर साडेआठ लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वर सेस होता तो १८ टक्क्यांवर आला (१२०० सीसीपर्यंत, लांबी चार मीटरच्या आत), तेव्हाच निघालो होतो. पण दसरा-दिवाळीला शोरूममध्ये उभं राहायलासुद्धा जागा नव्हती, म्हणून थांबलो.

वापर असा : सकाळी लेकीला कॅम्पातल्या शाळेत सोडायचं, तिथनं उद्यमबाग. म्हणजे कपिलेश्वर पुलाचा चढ रोजचा, आणि तोही गर्दीत थांबत थांबत. महिन्याला साडेचारशे किलोमीटरच्या वर होणार नाही. अधनंमधनं खानापूरकडं शेतावर, आणि वर्षातनं तीन-चारदा सासरवाडीला सावंतवाडीला, आंबोली उतरून. सीमेवर काही पेटलं की सगळ्यात आधी बस बंद होते, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. तेव्हा स्वतःची गाडी असलेली बरी.

आता खरी अडचण. घराच्या बाजूला बोळ आहे, त्याला लोखंडी गेट. गेटपासून मागच्या धुण्याच्या दगडापर्यंत साडेबारा फूट. टेप लावून तीनदा मोजलं : ३८१० मिलिमीटर. बाबांच्या ८०० ची लांबी ३३३५, त्या हिशेबानंच त्यांनी दगड बसवलेला. गेट आतनं लागलंच पाहिजे, बाहेर उघडं गटार आहे आणि त्याच्या कडेला शेजाऱ्यांची बुलेट.

ब्रोशर घेऊन बसलो. बलेनो, अल्ट्रोझ ३९९०, सोडा. स्विफ्ट ३८६०, गेली. एक्स्टर ३८१५, पाच मिलिमीटरनं गेली! मनात टाटाची पंच भरली होती, ग्लोबल एनसीएपीच्या अपघात-चाचणीत २०२१ ला पाच स्टार मिळालेली, ती ३८२७. सतरा मिलिमीटर. कामावर मी सतरा मायक्रॉनसाठी माल परत पाठवतो, पण हे सतरा मिलिमीटर कुठं परत पाठवू? उरल्या टियागो (३७६७), सेलेरिओ (३६९५), इग्निस (३७००) आणि वॅगन आर (३६५५).

दगड हलवला तर सव्वा फूट मिळतो. आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी बसवलेला दगड आहे तो. गाडी बारकी घे की."

जाणकारांनी सांगावं : (एक) पंचसाठी दगडाचं भांडण उकरून काढावं का? (दोन) कपिलेश्वरच्या चढावर एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) चालते की मागं घसरते? बायकोपण चालवणार आहे, तिला क्लच नको. (तीन) सीएनजी घ्यावी का? (चार) कोल्हापूरची बहीण म्हणते, माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर कोल्हापूरचा एमएच ०९ नंबर घे, टॅक्स कमी पडतो. खरं का?

– शहापूरचा टेपवाला

*

गॅरेजवाला, वडगाव :

दोन आणि तीनचं उत्तर देतो. एएमटी म्हणजे वेगळा गिअरबॉक्स नसतो, साधाच मॅन्युअल. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी मोटर करते. त्यामुळं चढावर थांबल्यावर ब्रेक सोडला की क्षणभर गाडी मोकळी असते, हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावरही चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर ती मागं येणारच. हिल होल्ड असलेलंच मॉडेल बघा. आणि एक सवय लावून घ्या : पुलावर पुढची गाडी थांबली की ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी चढाला तोलून धरायची नाही. गाडी जागेवर राहते, पण आत क्लच घासत असतो. माझ्याकडं जळक्या वासाच्या ज्या एएमटी येतात, त्यातल्या बहुतेक अशाच. ब्रेक दाबा, वेळ लागणार असेल तर हँडब्रेक ओढा.

सीएनजीचं सोपं आहे. गाडी नव्वदएक हजारानं महाग. तुमच्या साडेचारशे किलोमीटरला महिन्याला हजार-अकराशे वाचले, तर फरक निघायला सात वर्षं. वर टाकी डिकी खाते. आईंचा वॉकर कुठं ठेवणार, मांडीवर?

*

गडहिंग्लजकर :

चारचं. बहिणीचं गणित बरोबर आहे, सल्ला चुकीचा. सात लाखाच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात १४ टक्के आणि त्या करावर ११ टक्के सेस, म्हणजे १,०८,७८० रुपये. महाराष्ट्रात ११ टक्के, ७७,०००. बत्तीस हजार वाचतात असं वाटतं. पण गाडी राहणार बेळगावात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणं तिथली नोंदणी घ्यावी लागते. मग एनओसी आणा, इथला टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं भरा, तिकडचा परत मिळवायला अर्जामागनं फिरा. शिवाय गाडी कागदावर बहिणीच्या नावावर, उद्या क्लेम करताना सह्यांना कोल्हापूर गाठा. बेळगावचा केए २२ नंबरच घ्या आणि निवांत झोपा.

आमच्याकडं उलटं असतं. एमएच ०९ घेऊन निपाणीला भाजी आणायला गेलो तरी कोणीतरी "पावणं कुठलं?" म्हणून विचारतंच.

*

अनगोळची सून :

तुम्ही गाडी बोळाला मापताय, आईंना कधी मापणार? माझ्या सासूबाईंचेही गुडघे बदललेत, म्हणून सांगते. गाडी उंच म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सोपी, हे अर्धंच खरं. सीट उंच पाहिजे, पण पाय ठेवायची जागा खाली पाहिजे. पंचचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १८७ मिलिमीटर, खड्ड्याला उत्तम, पण पाय त्याहून वर उचलावा लागतो आणि साडी उंबऱ्याला अडकते. उलट बुटक्या गाडीत आपोआप बसलं जातं, उठताना मात्र दोन माणसं लागतात.

घरात आई ज्या खुर्चीवरनं हात न टेकता उठतात, तिची उंची टेपनं मोजा. मग शोरूमला टेप घेऊन जा, जमिनीपासून सीटपर्यंत मोजा. सेल्समन हसेल, हसू दे. आणि आईंना घेऊनच जा, साडीत. आमच्यावेळी तसं केलं नाही. गाडी दारात आल्यावर कळलं की सासूबाई पुढच्या सीटवर आधी पाठ करून बसतात आणि मग पाय आत घेतात, आणि त्याला दार पूर्ण उघडायला लागतं.

*

कॅम्पातला :

सगळे लांबीवर बोलताय. बोळाची रुंदी किती ते सांगा. गाडी आत गेल्यावर उतरणार कसे?

*

शहापूरचा टेपवाला :

कॅम्पातले साहेब, मानलं तुम्हाला. तीनदा लांबी मोजली आणि रुंदी एकदाही नाही. आताच मोजून आलो, सात फूट, म्हणजे २१३४. पंच १७४२ रुंद. डाव्या भिंतीला चार इंच सोडले तर माझ्या बाजूला उरतात ३९० वजा १००, म्हणजे २९० मिलिमीटर. टियागोला (१६७७) ३५५ च्या आसपास. वॅगन आरला (१६२०) ४१४.

काल रात्री जेवण झाल्यावर बोळात बाक आडवा लावून प्रयोग केला. भिंत आणि बाक यांत २९० ठेवलं : पोट भिंतीला, पाठ बाकाला, मधेच अडकलो. लेक गेटावर बसून हसत होती. ३५५ ला श्वास आत घेऊन निघालो. ४१४ ला आरामात, हातात पिशवी असतानासुद्धा. दाराची जाडी धरली नाही अजून, म्हणजे खरं तर याहून वाईटच. पंचचा विषय दगडानं नाही, माझ्या पोटानं संपवला.

*

कॅम्पातला :

हा हा. पण वॅगन आर घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घ्या. २०२३ च्या ग्लोबल एनसीएपी चाचणीत मोठ्यांसाठी एक स्टार आणि लहान मुलांसाठी शून्य मिळाला होता, आणि सांगाडा अस्थिर म्हटला होता. तेव्हा दोन एअरबॅगा होत्या, आता सहा स्टँडर्ड आहेत, पण एअरबॅगनं सांगाडा बदलत नाही. टियागोला २०२० ला चार स्टार होते. लेक घाटात सोबत असणार आहे.

*

शहापूरचा टेपवाला :

हेच डोक्यात घेऊन शनिवारी आईला घेऊन दोन्ही शोरूम केले. खुर्चीची उंची ४७० भरली. टेप काढल्यावर सेल्समन हसलाच.

टियागोत आई बसली. उठताना माझा आणि बायकोचा हात धरला, दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा उठली. बाहेर आल्यावर काही बोलली नाही, पदर नीट करत राहिली. त्यातच उत्तर मिळालं.

वॅगन आरमध्ये पाठ करून बसली, पाय आत घेतले, आणि उतरायला तयारच होईना. "आता हिच्यातनंच घरी सोड," म्हणाली. वॉकर घडी करून डिकीत टाकून बघितला (३४१ लिटर आहे), वर भाजीच्या दोन पिशव्या मावतील. टेस्ट ड्राइव्हला एजीएस (मारुती एएमटीला हेच म्हणते) कपिलेश्वरवर नेली आणि चढात मुद्दाम दोनदा थांबवली. हिल होल्डनं धरून ठेवली, मागं आली नाही. गिअर बदलताना मान हलते, तेवढं बायको म्हणाली चालतंय.

स्टारचं दुखणं मनात आहेच, खोटं कशाला बोलू. रोजचं शहरातलं चालवणं तिशी-चाळिशीत आहे. आंबोलीत सावकाश जाऊ, लेक मागं बेल्ट लावूनच, आणि रात्रीचा घाट करायचा नाही असं घरात ठरवलंय. आई गाडीत बसलीच नाही तर पाच स्टार घेऊन काय करू, असंही वाटतं.

१.२ एजीएस बुक केली, केए २२. एका शोरूमनं इन्शुरन्स आमच्याकडनंच आणि चटया-सीटकव्हरचं बावीस हजारांचं पॅकेज घ्यावंच लागतं म्हणून अडवलं, तिथनं उठून आलो. दुसरीकडं बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर मुकाट्यानं त्याच भावाला आले. चटया गणपत गल्लीत बघतो.

दगड जागेवरच आहे. गाडीच्या पुढं सहा इंच उरतात, तिथं आईनं आताच बादली ठेवायला सुरुवात केलीय.

शेवटचा प्रश्न : मागं अंदाज यायला गेटजवळ फरशीवर पांढरा पट्टा मारावा की भिंतीला जुना टायर अडकवावा? बायको टायर म्हणते.